आतल्या खोलीतले तज्ज्ञ

१२ जानेवारी

…बॉबिना भरून झाल्या तेव्हा यांनी मशीनला तेल घातलं आणि नेहमीसारखी बाटली उघडीच खिडकीत ठेवली. मी झाकण लावलं. दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवून टाचण्या गोळा केल्या, आदल्या दिवशीच्या चिंध्या पिशवीत कोंबल्या, काउंटर पुसला, मोजपट्टी गळ्यात घातली. आत इस्त्री तापत होती. पहिलं गिऱ्हाईक पँट घेऊन आलं. पाय आखूड करायचे होते आणि सगळ्यांसारखी त्यालाही उद्याच हवी होती. मी आतल्या पडद्याकडे मान वळवून विचारलं, "अहो, ऐकलंत का? उद्या जमेल?" इस्त्री स्टँडवर ठेवल्याचा खट् आवाज आला. मग हे म्हणाले, "परवा."

एवढंच. त्या सकाळी दुसरं काही झालं नाही. मोठमोठ्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. हे गेले त्या दिवसातलं तर फक्त दवाखान्यातल्या बाकाचा रंग आठवतो. पण ही सकाळ सगळ्या टाचण्यांसकट लक्षात राहिली आहे.

दोऱ्याच्या कंपनीकडून दरवर्षी यांच्या नावाने डायरी येते. मागच्या वर्षीची मी तशीच ठेवून दिली. या वर्षीचा कागद जाड आहे, म्हटलं वाया कशाला घालवायचा. लिहिण्याचा मला कंटाळा नाही. मी वाचायला शिकले तीच मुळी कागदी कटिंगवर. हे जुन्या वर्तमानपत्राचे बाहीचे, कॉलरचे आकार कापायचे आणि मी टेबलाखाली पडलेले तुकडे जुळवत बसायचे. त्यामुळे बरीच वर्षं माझी समजूत होती की बातमी काखेपाशी आली की संपते. नंतर वाचनालयातली पुस्तकं आणायला लागले तेव्हा कळलं, पुढेही असते.

यांना गिऱ्हाइकासमोर यायचा भयंकर संकोच. मापं घ्यायची मी, बोलायचं मी, आणि तारीख द्यायची यांनी, पडद्याआडून. काम बहुतेक वेळा उद्याच व्हायचं, पण ते घडी घालून परवापर्यंत फळीवर पडून राहायचं. आमच्या दुकानाची तारीख कधी चुकली नाही. कपड्यांची दुरुस्ती करणारी दुकानं या रस्त्यावर अजूनही आहेत, पण हे एवढं आमचंच होतं.

आज मुलीचा फोन आला. बोलता बोलता गिऱ्हाईक आलं, तिला थांब म्हटलं, गिऱ्हाइकाला तारीख दिली आणि परत फोन कानाला लावला तर ती गप्प. मग म्हणाली, "आई, दुकानात कोण आहे तुझ्याबरोबर?" म्हटलं, कोण असणार, गिऱ्हाईक होतं, गेलं. मग तिचं नेहमीचं सुरू झालं. दुकानाचा करार जूनमध्ये संपतो, पुढे वाढवू नकोस, आमच्याकडे राहायला ये. तिला मुलांकडे बघायला कोणीतरी हवं असणार. सरळ सांगत नाही.

२९ जानेवारी

सरकारी माणूस आला होता. तोंडात सारखं 'पहिली पायरी', 'दुसरी पायरी', म्हणून मी मनात त्याचं नाव पायरीसाहेब ठेवलं. वयाने मुलीएवढा आहे, तेव्हा इथे अरे-तुरे लिहिते. समोर अहो-जाहोच केलं.

त्याच्या पँटीच्या एका पायाची दुमड स्टेपलरने टाचलेली होती. बाकी सगळं बोलणं मी त्या पिनांकडे बघतच ऐकलं. उद्योग खात्यात एक नवा कक्ष निघाला आहे. बाहेरच्या देशांतली दुकानं येतात आणि गावोगाव एकच पाटी लावतात. आपली दुकानं एका जागी जन्माला येतात, मालकाबरोबर म्हातारी होतात आणि संपतात. तेव्हा सरकारने ठरवलंय की चांगल्या छोट्या दुकानांच्या फ्रँचायझी काढायच्या. दुकान कसं चालतं ते नीट लिहून काढायचं, ते दुसऱ्याला शिकवायचं, आणि त्याने त्याच्या गावात मूळ दुकानाचीच पाटी लावून तस्संच चालवायचं. योजनेचं घोषवाक्य 'एक दुकान, शंभर पाट्या'. मी विचारलं, आमचंच का? तर म्हणे या भागात पाहणी केली तेव्हा लोकांनी आमचं नाव सांगितलं. तारीख पाळतात म्हणून.

शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला दारात येऊन उभाच होता. तो मला वहिनी म्हणतो आणि माझ्या प्रत्येक गोष्टीत त्याचं लक्ष असतं. म्हणाला, साहेब, माझ्याही दुकानाचं बघा की. पायरीसाहेबाने बाहेर डोकावून त्याच्या दुकानातल्या भिंतीकडे नजर टाकली. तिथे एकाही घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नाही. मग त्याने नम्रपणे विचारलं, यातली खरी वेळ कुठली? घड्याळवाला म्हणाला, "खरी वेळ बघायची असेल तर मी समोरच्या बँकेतलं बघतो."

जाताना मी पायरीसाहेबाला स्टुलावर पाय ठेवायला लावला, पिना काढल्या आणि तिथल्या तिथे हातशिलाई घालून दिली. दुसऱ्या पायाचीही उसवत आली होती. ती पँट कधी आणू आणि कधी मिळेल असं त्याने विचारलं. मी तारीख सांगितली, तेव्हा तो माझ्याकडे नाही, आतल्या पडद्याकडे बघत होता. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "साहेब आत असतात वाटतं?" म्हटलं, आतच. फोटो इस्त्रीच्या टेबलासमोर लावलाय. पण फोटोचं काही मी बोलले नाही, परक्या माणसाशी काय बोलायचं. जाताना त्याने पडद्याला मान लववली. हल्लीच्या मुलांत असं वळण कुठे दिसतं.

२ फेब्रुवारी

मुलीला सगळं सांगितलं. म्हणाली, आई, एक दुकान आवरत नाही आणि शंभर कुठून आणतेस? बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: मे महिन्यात योजनेचे लोक परीक्षा घेतात. मूळ दुकान पास झालं आणि एक शाखा नीट चालली तर करार वाढवायचा. नापास झालं तर मशीन विकायची आणि बॅग भरायची. मी कबूल केलं. मशीन विकायची हे शब्द तिने फार हळू उच्चारले, तरी मला ऐकू आले.

१८ फेब्रुवारी

प्रशिक्षण. मोठा हॉल, थंडगार, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली. माझ्या एका बाजूला पंक्चर काढणारा होता. त्याने दुकान कसं चालतं ते आधीच लिहून आणलं होतं: भोक शोधा, बुजवा. अधिकारीबाई म्हणाल्या, जरा विस्तार करा. दुसऱ्या बाजूला पाव भाजणारी एक बाई. तिला विचारलं, कणीक किती वेळ मळता? ती म्हणाली, हाताला कळेपर्यंत. हाताला कळायला किती मिनिटं लागतात, यावर दुपारच्या जेवणापर्यंत चर्चा झाली आणि शेवटी त्यावर उपसमिती नेमली.

कक्षाच्या प्रमुखांनी भाषण केलं. दुकान म्हणजे माणूस नाही, दुकान म्हणजे पद्धत. माणूस जातो, पद्धत राहिली पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण जरा उशिराने.

५ मार्च

पायरीसाहेब सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानात बसतो आणि मी काय करते ते टिपून घेतो. आधी फार अवघडल्यासारखं झालं. खाजवलं तरी तो लिहितो. दोरा ओवताना मी टोक ओठांत ओलं करते, तर म्हणाला, आरोग्य खात्याचा आक्षेप येईल, तिथे ओला स्पंज लिहू. गिऱ्हाइकाकडे मी चष्म्यावरून बघते, तेही टिपलं. म्हटलं, अहो, ज्याला चष्मा नाही त्याने काय करायचं? त्याने विचार करून लिहिलं, साध्या काचेचा लावावा.

स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. त्याचंही माप घेतलं. मला हसू येत होतं, पण तो इतका मन लावून करतो की हसवेना. काही असो, माझ्या हाताकडे इतकं लक्ष देऊन आजवर कोणी बघितलं नव्हतं. हे बघायचे, पण पडद्याच्या फटीतून.

आज जाताना त्याने संत्री आणली होती. म्हणाला, साहेबांसाठी, मऊ आहेत, त्रास होणार नाही. मला भरून आलं. यांच्या फोटोसमोर थोडा वेळ ठेवली आणि मग खाल्ली. गोड निघाली.

२२ मार्च

कार्यपुस्तिकेचा मसुदा आला. छापील, आपल्या दुकानाचं चित्र वर. सुरुवातीला आभार आहेत: 'विशेषतः आतल्या खोलीतले तज्ज्ञ, ज्यांनी प्रसिद्धीपासून दूर राहणंच पसंत केलं.' यांच्याबद्दल इतकं नेमकं मलाही लिहिता आलं नसतं. हे खरंच तसे होते. दोनदा वाचलं.

मग पायऱ्या वाचायला घेतल्या. दहाव्या पायरीपर्यंत सगळं ठीक. अकरावी इथे उतरवून ठेवते:

'तारीख देण्यापूर्वी दुकानदाराने आतल्या खोलीकडे मान वळवावी. मध्यम आवाजात "अहो, ऐकलंत का?" असं विचारून काम सांगावं. इस्त्री खाली ठेवायला लागेल एवढा वेळ थांबावं. त्यानंतरच गिऱ्हाइकाला तारीख सांगावी.'

पुस्तिका घेऊन मी शेजारी गेले. घड्याळवाल्याला म्हटलं, हे बघा, या मुलाने काय काहीच्या काही लिहिलंय. मी असं कुठे करते? त्याने भिंग डोळ्यावरून काढलं नाही. म्हणाला, "वहिनी, रोज करता. भिंतीतून ऐकू येतं." मी म्हटलं, म्हणजे यांच्या वेळी. तो म्हणाला, "आजही केलंत. त्या निळ्या कोटाच्या वेळी."

मग त्याने भिंग काढलं आणि म्हणाला, सगळ्या रस्त्याला माहीत आहे, त्यात काय एवढं. मी परत आले. पुस्तिका फळीवर ठेवली, तिच्यावर कपडे ठेवले.

३ एप्रिल

डोकं जड आहे, ऋतू बदलतोय म्हणून असेल. मान वळायला लागली की पुस्तिकेतलं वाक्य डोळ्यांसमोर येतं आणि मान परत जागच्या जागी. मग गिऱ्हाईक म्हणतं उद्या, आणि मी म्हणते, बरं, उद्या.

९ एप्रिल

संगीत शिकवणाऱ्या मास्तरांचा कोट वेळेवर झाला नाही. त्यांना रात्रीच्या कार्यक्रमाला स्वेटर घालून गावं लागलं. बँकेच्या रखवालदाराची पँट राहिली. बँकेतल्याच एका बाईंच्या झग्याची चेन राहिली. बाई फळीकडे नुसत्या बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घड्याळवाल्याने दुपारी भिंतीवर ठोकलं. बाहेर जाऊन विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही, आवाज आला नाही म्हणून बघितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, तुम्ही विचारायचात तेव्हा मी काम थांबवून चहा प्यायचो. आता चहा राहून जातो.

१७ एप्रिल

पहिली शाखा बघायला गेले होते. मुलगी म्हणाली, एकटीला पाठवणार नाही, म्हणून ती बरोबर. बसमध्ये सगळा वेळ तिने मला पटवलं की हे खूळ आहे, आणि मी खिडकीतून पाट्या वाचत होते.

पोचलो आणि दोघीही रस्त्यातच थांबलो. समोर आमचं दुकान. पाटी यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती, तिच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ आलेला आहे. तो ओघळसुद्धा उतरवला होता. आत स्टूल होतं, कोरं करकरीत, आणि त्याचा एक पाय मुद्दाम कापून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. मुलगी म्हणाली, "आई, हे लोक वेडे आहेत." पण तिने पाटीवरच्या ओघळाला हात लावून बघितला.

शाखा चालवणारा म्हणजे निवृत्त बसचालक. दारातून तिरका होऊन आत जावा एवढा धिप्पाड, डोक्यावर केसाचं नाव नाही, डोळ्यांवर साध्या काचेचा चष्मा. गाड्यांच्या फाटलेल्या सीटा शिवता शिवता शिवण शिकला. मला ताई म्हणाला, मुलीला खुर्ची दिली. तेवढ्यात एक बाई शाळेचा गणवेश घेऊन आली, कमरेत सैल करायचा होता आणि उद्याच हवा होता. ड्रायव्हरने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग बस मागे घेताना वळवतात तशी सबंध मान वळवून त्याने पडद्याला विचारलं, "अहो, ऐकलंत का? गणवेश आहे. उद्या जमेल?"

त्याचा मध्यम आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. आतून घोरण्याचा आवाज आला. तो थांबला. गणवेशवाली बाईही शांतपणे थांबली, तिला सवय झालेली दिसली. मग ड्रायव्हर समोर वळून म्हणाला, "परवा."

मुलगी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. खांदे गदागदा हलत होते.

आत कोण आहे म्हणून मी विचारलं. म्हणाला, थोरले भाऊ. खात्याचं म्हणणं होतं आतल्या खोलीत एक अनुभवी माणूस पाहिजे, आणि त्यांच्याइतका रिकामा अनुभवी माणूस घरात दुसरा नव्हता. दिवसभर झोपलेले असतात. मी म्हटलं, मग विचारता कशाला, उत्तर तर येत नाही. तेव्हा तो जे बोलला ते मी बसमध्ये मनात घोकत आले:

"ताई, पहिल्या दिवशी मी लाजेने अर्धा झालो. आमच्यात बायकोने म्हणायचं ते मी म्हणतोय, आणि माझं तर लग्नही झालेलं नाही. पण खरं सांगू का, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत असलं की माणूस हो म्हणून बसतो. मान वळवली की गिऱ्हाईक दिसत नाही, फळीवरचं काम दिसतं. कोणी ही पद्धत काढली असेल, डोकं आहे त्याला."

मी म्हटलं, आमच्या यांचीच. त्याने हात जोडले आणि सांगितलं, साहेबांना माझा निरोप द्या. इथली तारीख अजून एकही चुकलेली नाही.

येताना मुलीने बसमध्ये माझा हात धरून ठेवला. तिचे डोळे लाल होते. इतकं हसायचं कशाला. मध्येच म्हणाली, "बाबा अगदी असंच म्हणायचे ना, परवा." हो म्हटलं. पुढे आमचा स्टॉप येईपर्यंत तिने खुळाचा विषय काढला नाही.

६ मे

आणखी एक तारीख चुकली. घरी आरशासमोर मान वळवून बघितली. वळते.

२१ मे

परीक्षा झाली. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर हात थांबणार नाही.

परीक्षक बाई सडपातळ, बोलायला मऊ, पिशवीत एक तपासणीची पँट घेऊन आल्या. पायरीसाहेब बरोबर होता, आज त्याच्या दोन्ही पायांची दुमड सारखी होती. मुलगी निकालासाठी सकाळच्या बसने आली होती आणि मशीनपाशी उभी होती, हात मशीनवर.

बाईंनी स्टूल बघितलं, पुठ्ठा बघितला, स्पंज बघितला. मी दोरा ओवला, माप घेतलं, खडूने खूण केली. सगळं बरोबर. मग त्यांनी गिऱ्हाइकासारखं विचारलं, "उद्या मिळेल का?"

मी म्हटलं, "हो."

पायरीसाहेब खाकरला. हनुवटीने पडद्याकडे खूण केली. बाईंनी पुन्हा विचारलं. मी मान वळवायला गेले आणि ती मध्येच अडकली. शिवणीत गाठ अडकते ना, सुई पुढे जात नाही आणि मागेही येत नाही, तसं. बाईंनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, गंमत आहे, शाखेत अकरावी पायरी उत्तम होते आणि मूळ दुकानातच होत नाही. आतले तज्ज्ञ आज नाहीत का?

पायरीसाहेब घाईघाईने म्हणाला, आहेत, पण त्यांना बरं नसतं, कृपा करून त्रास देऊ नका.

मी त्याला विचारलं, कोणाला बरं नसतं?

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. आणि मग जानेवारीपासूनचं सगळं, ते मान लववणं, तो खाली आणलेला आवाज, ते आभार, एकाच झटक्यात उसवत गेलं. मी पडदा बाजूला केला. टेबल, स्टँडवरची इस्त्री, यांचं स्टूल, समोर फोटो.

"आत कोणी नाही," मी म्हटलं. "हे गेले, त्याला दीड वर्ष झालं."

हे वाक्य मी दुकानात मोठ्याने कधी म्हटलंच नव्हतं. दुकानाला ते ऐकून काही झालं नाही.

पायरीसाहेबाचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "मग संत्री?"

"मी खाल्ली."

तो स्टुलावर बसला, पुठ्ठा सरकला आणि पडता पडता वाचला. भिंतीपलीकडून घड्याळवाल्याचा आवाज आला, "वहिनी, मी येऊ का?" म्हटलं, नको, तुम्ही चहा प्या. मग मुलीला हसू फुटलं, मग बाईंना, आणि शेवटी मलाही. पायरीसाहेब मात्र हसला नाही. सारखं म्हणत होता, काकू, मला माफ करा, तुम्ही इतकं सहज विचारत होतात, मला वाटलं उत्तर येत असेल, फक्त मला ऐकू येत नसेल. यांच्या नावाचं प्रशस्तिपत्रसुद्धा छापून आलंय म्हणाला. मी म्हटलं, द्या की मग. लावू आत.

बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, नियम सरळ आहे. जी पायरी मूळ दुकानात होत नाही ती पुस्तिकेतून काढावी लागते. पण ही पायरी पाळणाऱ्या शाखेची तारीख चुकत नाही आणि न पाळणाऱ्या तुमच्या दुकानाची चुकते, हेही समोर दिसतंय. तेव्हा पद्धत तुमची, तुम्हीच सांगा. ठेवायची, तर तुम्हाला करावी लागेल. काढायची, तर काढू, पण मग मान्यतेसाठी पुढच्या वर्षी यावं लागेल. बाई उद्या संध्याकाळपर्यंत इथे गावातच आहेत. पँट इथेच ठेवून गेल्या. ती खरोखरच आखूड करायची आहे.

पुढच्या वर्षी म्हणजे जून निघून जाणार. मुलीकडे बघायचं मी टाळलं.

२४ मे

त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो. मुलीने यांच्या स्टुलावर बसून इस्त्रीची वायर गुंडाळली, मग पुन्हा सोडली. म्हणाली, "आई, मला फोनवर ऐकू यायचं. तू बाबांना विचारायचीस, आणि मग गप्प राहायचीस. मला वाटलं तुझं काहीतरी बिनसलंय. म्हणून मी मागे लागले होते."

आणि मी समजत होते मुलं सांभाळायला. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, मुलं तुझ्यापेक्षा मलाच सांभाळतात.

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय म्हणतात बाबा?"

"परवा म्हणतात."

"आणखी काही?"

"आणखी काही नाही. असतानाही कुठे जास्त बोलायचे."

तिने इस्त्री उचलली आणि स्टँडवर ठेवली. खट् वाजलं. दोघींनीही ऐकलं.

रात्री ती निजल्यावर मी काही जागत बसले नाही, झोपले. सकाळी उठून, म्हणजे परवा, पायरीसाहेबाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, अकरावी पायरी ठेवा. फक्त आभारातले 'तज्ज्ञ' काढा आणि पायरीच्या खाली माझं एक वाक्य घाला. त्याने पेन काढलं. वाक्य असं: 'आतल्या खोलीत कोणी असलंच पाहिजे असं नाही.' तो लिहून थांबला आणि म्हणाला, काकू, शाखेतल्या थोरल्या भावांना मग उठवावं लागेल. म्हटलं, त्यांना झोपू दे, ते कोणाच्या वाटेत नाहीत.

संध्याकाळी परीक्षक बाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, माझी पँट कधी मिळेल? पायरीसाहेबाने डोळे मिटून घेतले होते. मुलगी फोनवर बोलत होती, तिने बोलणं थांबवलं. मी मान वळवली. पुस्तिकेतलं वाक्य आलंच डोळ्यांसमोर. त्याच्याकडे लक्ष न देता पलीकडे बघितलं, तर फळी दिसली. मास्तरांचा दुसरा कोट, रखवालदाराचे दोन शर्ट, बँकेतल्या बाईंचा झगा. म्हटलं, "अहो, ऐकलंत का? ही आखूड करायची पँट. उद्या जमेल?" आवाज जरा फाटला. भिंतीपलीकडे कपबशी वाजली. मी थांबले.

"परवा," मी बाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, परवा मी इथे नसेन. म्हटलं, मग टपालाने पाठवीन, पण परवाच. त्यांनी कागदावर खूण केली आणि मान्यता दिली. पायरीसाहेबाने डोळे उघडले आणि शिंक आल्यासारखं करून रुमाल काढला. मुलीने फोनवर जावयाला सांगितलं, जूनचं राहू दे, आई इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, टाचण्या गोळा केल्या, मशीनला तेल घातलं आणि बाटली उघडीच खिडकीत ठेवली. एक माणूस कोट घेऊन आला आणि उद्या मिळेल का म्हणाला. मी आत मान वळवून विचारलं, थांबले, आणि त्याला परवाची तारीख दिली.